दोन डोळे राखून

नोव्हेंबरात तू वेलींना माती दिलीस, होव्नान,
आणि जानेवारीत आम्ही तुला.
तुझ्या वेळी जमीन लोखंड झालेली;
सेदराकने आधी टायर जाळून ती मऊ केली,
मग पहार घातली.
वेलींच्या वेळी घाई नव्हती.
एकेक तारेवरून सोडवून,
आजाऱ्याला पाठीखाली हात घालून निजवावं
तशी तू आडवी केलीस,
वर दोन वीत माती.

आता एप्रिल.
विजेच्या खांबावर करकोचे परतलेत.
काटेरी कुंपणापलीकडे तो डोंगर,
जिथे पूर ओसरल्यावर म्हाताऱ्यानं पहिली वेल लावली
(आणि प्यायला, आणि उघडाच झोपला,
हे तू हटकून जोडायचास,
तेर हुसिकसमोरसुद्धा).

मी तुझं फावडं घेतलंय. दांडा मला लांब पडतो.
सहा ओळी नुसत्या वेली निघाल्या,
जुन्या दोरासारख्या, थंडगार.
सातव्या ओळीत तुझा हातमोजा.
डावा. बोटं अजून वाकलेली,
काहीतरी घट्ट धरल्यासारखी.
आत माती होती.
पाहिलं मी.

रविवारी तेर हुसिक म्हणाले,
तो वेल, आपण फांद्या, बाप माळी;
न फळणारी फांदी तो काढून टाकतो,
फळणारी छाटतो.
म्हणजे कात्री दोघींनाही,
मी मनात म्हटलं, आणि मेणबत्ती
जरा जास्तच जोरात वाळूत खोचली.
तू म्हणायचास, शास्त्रात कात्री आहे,
माळ्याचे गुडघे कुठेत?
जुनी वेल छाटायची तर
तिच्यापुढे चिखलात गुडघे टेकावे लागतात,
मग तो कुणी का असेना.

काडीवर दोन डोळे राखून काप, हेही तूच शिकवलंस.
एक यंदाच्या घडाला, एक पुढच्या सालाला.
तुझे दोन्ही मी मिटले.
राखला नाही एकही.

कापल्या जागी पाणी ठिबकतं.
गावात म्हणतात, वेल रडते.
मी जिभेला लावून बघितलं.
खारट नाही.

परवा, ऊन उतरल्यावर, एक पोरगा आला,
डोंगरातून उठवलेल्या लोकांतला, बेनिक नावाचा.
आता येतोस? सेदराक म्हणाला.
दिवसभर चौकात उभा होतो, कुणी बोलावलंच नाही, पोरगा म्हणाला.
त्यानं एकच ओळ उघडली.
मी पुऱ्या दिवसाची मजुरी दिली, सेदराकएवढीच.
सेदराक दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.
तेर हुसिकना कळलं तर प्रवचनात घेतील.
खरं सांगू?
माझ्याकडे सुटे नव्हते.
(आणि वेल उचलताना
त्यानं डावा हात खाली घातला होता.)

ऑगस्टात घड चर्चमध्ये नेऊ,
आशीर्वाद होईतो एक मणी तोंडात टाकणार नाही.
तू चोरून खायचास. मला माहीत होतं.
देवालाही असेल.

अकराव्या ओळीची शेवटची वेल
मी अजून उघडलेली नाही.
तिथल्या मातीवर तुझ्या फावड्याच्या पाठीचा ठसा आहे,
बर्फ, पाऊस, कोंबड्या, सगळ्यांतून राहिलेला.
सेदराक म्हणतो, गुदमरेल ती,
डोळे आतल्या आत फुटतील, पांढरे.
उद्या, मी म्हणते.
उद्या.

काल रात्री बॅटरी घेऊन गेले.
ठश्याच्या कडेनं, ठसा न मोडता,
एक बोट आत घातलं.
मनगटापर्यंत नुसती माती.
मग काहीतरी लागलं,
ओलं, टोकदार,
मला न विचारता
वर निघालेलं.